विरजणाचं वाण

सांगलीच्या विश्रामबागेपुढे उभ्या असलेल्या 'वनराई' सोसायटीत झाडं मोजकीच होती, अभिमान मात्र घनदाट होता. तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक मोठा पडदा लावलेला होता आणि त्यावर प्रत्येक फ्लॅटचा नंबर हिरव्या नाहीतर लाल रंगात दिसे. सलग पडलेल्या दुष्काळांनंतर नियमच तसा झाला होता. बाथरूमचं पाणी इमारतीखालच्या टाकीत जायचं, गाळून बागेला आणि फ्लशला पुन्हा यायचं, आणि प्रत्येक घराच्या नळीत बसवलेली एक चकती ते वाटेत चाखून बघायची. अॅसिड, फिनेल, ब्लीच यांतलं काहीही खाली गेलं की फ्लॅट लाल. शाल्मली पाटसकरच्या मते नियम वाईट नव्हता. वाईट होती ती त्याला जळवांसारखी चिकटलेली माणसं, आणि त्यांत पहिला नंबर तिच्या नवऱ्याचा होता.

तन्मय हरित समितीचा सचिव होता. जन्मात कधी संडास न घासलेला हा माणूस, तो कशाने घासावा यावर दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बोलायचा आणि बायका ते ऐकून घ्यायच्या. घरात मुलगी झाल्यावर तर त्याला तोंडी लावायला एक वाक्यच मिळालं. "घरात बाळ आहे," असं म्हणून त्याने प्लास्टिकचे ब्रश काढून टाकले. "घरात बाळ आहे," म्हणत काथ्याचे ब्रश आणले. ते गळून मोरीत अडकले, तेव्हा घोसाळ्याच्या जाळ्या आल्या, त्यांच्यामागून व्हिनेगर आणि सोडा आला, मग लिंबाच्या साली आंबवलेलं एक पाणी आलं, ज्याच्या वासाने पाहुणे चपला न काढताच परत जात. बोअरच्या जड पाण्याने फरशीवर आणि बादल्यांवर धरलेला पांढरा थर मात्र जागचा हलला नाही.

शाल्मली एका दूधसंघाच्या प्रयोगशाळेत, विरजण विभागात काम करायची. जुई झाल्यापासून रजेवर होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "तो साबणाचा आणि चुन्याचा थर आहे. नुसतं घासून नाही जायचा. लिंबूसत्वाचं पाणी थोडा वेळ लावून ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. चकतीला तेवढं चालतं, मी वाचलंय."

तन्मय हसला. "तू रजेवर आहेस ना? मग प्रयोगशाळा घरात नको आणूस."

सासूबाईही हसल्या. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, पण हसल्या. शाल्मलीने भाताचा घास घेतला आणि मनाशी ठरवून टाकलं की या घरात पुन्हा शहाणपण सांगायचं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. यांचा बैल कुठे जातो ते खुर्चीत बसून बघायचं.

बैल लवकरच निघाला. त्याचं नाव 'निर्मळी'.

निर्मळी हा जिवंत ब्रश होता. घोसाळ्याच्या जाळीत एका जिवाणूची वसाहत वाढवलेली होती. जड पाण्यात साबण फेसाळत नाही, त्याची चिकट साय बनून फरशीला धरते, आणि ती साय म्हणजे शेवटी चरबीच. हा जिवाणू ती चरबी खायचा. त्याला दुसरीही एक कात्री दिलेली होती, प्रथिनं कातरणारी, म्हणजे अंगावरून निघालेल्या मळाचा निकाल लागावा. रात्री ब्रश ओला करून फरशीवर ठेवायचा, सकाळी फरशी लख्ख. घासायचं नाही, वास नाही, पडद्यावर नंबर हिरवागार.

असा जीव घराबाहेर सुटला तर काय, या प्रश्नाचं उत्तर कंपनीने माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत दिलं होतं. जिवाणूला कुलूप घातलेलं आहे. प्रत्येक जिवाला प्रथिनं बांधायला लायसिन नावाचा घटक लागतो. याला तो स्वतः बनवता येत नाही. कंपनीची भुकटी दर महिन्याला ब्रशवर शिंपडली तर तो जगतो, नाहीतर उपाशी मरतो. बाथरूममध्ये लायसिन कुठून येणार?

शाल्मलीने ते वाचलं आणि तिला हसू आलं. कंपनीने चाचणी घेतली त्या बाथरूममध्ये कुणी बेसन लावून अंघोळ करत नसावं. लायसिन दुधात असतं, आणि डाळीत तर रग्गड. आणि या घरात रोज सकाळी वैजयंतीबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, बाथरूममध्ये पाटावर पाय पसरून बसत, जुईला पायांवर पालथी घालत, खोबरेल जिरवत आणि मग बेसन आणि साय लावून तिला न्हाऊ घालत. सगळे ओघळ फरशीवर. मळ काढायची ती कात्री बेसनावर चालली की कुलूप उघडंच होतं.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. प्रयोगशाळा घरात आणायची नव्हती.

पुढचं वैजयंतीबाईंनी आपणहून शोधलं. भुकटी संपली, नवी यायला उशीर झाला, तरी पाटाजवळचा ब्रश मेला नाही, उलट तरारला. बाईंनी आयुष्यभर दही लावलं होतं. त्यांना इशारा पुरे होता.

"विरजण कधी कुणी विकत आणतं का?" त्या तन्मयला म्हणाल्या. "त्याला बेसन आवडतंय, बघ की. वाटीत बेसनाचं पाणी घ्यायचं, चमचाभर साय, आणि जाळीचा एक तुकडा टाकून झाकून ठेवायचं. कालच्यातनं आजचं."

तन्मयला गहिवरून आलं. समितीच्या सभेत त्याने याला घरगुती शाश्वत प्रतिरूप असं काहीतरी नाव दिलं. वाटी बाथरूमच्या खिडकीत बसली आणि रोज कालच्यातून आजचं होऊ लागलं.

शाल्मलीला दूधसंघातली पहिली शिकवण आठवत होती. कालच्या दह्यातून आजचं, आजच्यातून उद्याचं असं लावत गेलं की विरजण तेच राहत नाही. वाटीत जे जास्त खादाड आणि जास्त चिवट असतं तेच दर वेळी पुढे जातं, आणि काही काळाने मूळचं कुठलं ते ओळखू येत नाही. म्हणून संघात मूळ विरजण गोठवून ठेवत आणि दर वेळी त्यातूनच नवं काढत. हे एक वाक्य होतं, दोन घासांच्या मध्ये सांगून झालं असतं. पण तिला वाटलं, होऊ दे फजिती. वाटी नासेल, घाण वास सुटेल, सचिवसाहेब नाक धरून पळतील. त्यापलीकडे तिने विचार केला नाही. ज्यांना मूर्ख मानायचं त्यांच्या हातून मूर्खपणाच होणार, घात होणार नाही, असं ती धरून चालली होती.

वाटी नासली नाही.

संक्रांत आली. जुईची पहिलीच संक्रांत, म्हणून हळदीकुंकू आणि बोरन्हाण एकाच दिवशी ठेवलं. इतर घरांतून वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या लुटल्या जात होत्या, आणि वैजयंतीबाईंना त्यांची कीव येत होती. त्यांनी कुंभाराकडून सुगडं आणली. प्रत्येक सुगडात विरजलेलं बेसनपाणी, त्यात घोसाळ्याचा तुकडा, तोंडाला पिवळं फडकं. जिवंत वाण! बायका हरखून गेल्या. हलव्याचे दागिने घातलेली जुई पाटावर बसून डोक्यावरून घरंगळणारी बोरं आणि चुरमुरे पकडत होती, आणि सासूबाई मांडी घालून वाटीला खाऊ कधी घालायचा ते समजावत होत्या. त्या दिवशी त्या इतक्या खुशीत होत्या की तन्मयने तीन वेळा फोटो काढले.

वाण द्यायचं काम सुनेचं. शाल्मली नथ घालून, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून एकेकीच्या ओटीत सुगड ठेवत होती. चौथ्या मजल्यावरच्या गुळवणीकाकू आल्या. त्यांची मुलगी मानसी बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. आपल्या मुलीचं पॅकेज, जावयाचं पॅकेज आणि येणाऱ्या नातवंडाचंही पॅकेज सांगून झाल्यावर त्यांनी सुगडात डोकावून पाहिलं.

"चांगलं असतंय ना गं हे? आमच्याकडे आता बाळ येणार."

शाल्मली त्यांच्याकडे बघत होती आणि तिला आतून गुदगुल्या होत होत्या. "घ्या की काकू," ती म्हणाली. "घरोघरी लागतंच."

जुईची कातडी आधी नुसती कोरडी पडली. थंडी आहे, असं सगळे म्हणाले, आणि सासूबाईंनी खोबरेल वाढवलं. मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळ्यांत बारीक भेगा दिसायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "वांगं खाल्लंस काय गं? अंगावर पाजतेस, जपून खायला नको?" शाल्मली म्हणाली की तुमचं बेसन बंद करा, ते टोचतंय तिला. बेसन का बंद करायचं, हे मात्र तिने सांगितलं नाही, आणि कारण न सांगितलेला सुनेचा सल्ला सासूने मानल्याचं ऐकिवात नाही. डॉक्टरांनी जाडसर मलम दिलं. मलम लावलं की सकाळी अंगावर त्याचा मागमूस नसे, जणू कुणी चाटून घेतलंय, आणि भेगा आणखी लाल झालेल्या असत.

ज्या दिवशी जुईने दूध सोडून दिलं आणि नुसती कण्हत राहिली, त्या दिवशी शाल्मलीने तिच्या मांडीवरून कापसाचा बोळा फिरवला, दुसरा वाटीत बुडवला, माहितीपत्रकाबरोबर आलेल्या न वापरलेल्या मूळ ब्रशवरून तिसरा, आणि रजेवर असूनही ती दूधसंघात जाऊन बसली.

परीक्षा साधी होती. चरबी मिसळलेल्या दुधाळ बशीत जंतू वाढवले की जे चरबी खातात त्यांच्याभोवती बशी पारदर्शक होते. दुसऱ्या दिवशी तिने बशा उजेडात धरल्या. मूळ ब्रशच्या बशीत ठिपक्यांभोवती बारीक कडी होती. वाटीच्या बशीत कडी एकमेकींना भिडलेली. जुईच्या मांडीवरच्या जंतूंची बशी मात्र सगळीच्या सगळी काचेसारखी स्वच्छ होती, आरपार पलीकडचं टेबल दिसत होतं.

माणसाच्या कातडीवर स्वतःचं पातळ तेल असतं आणि तेच तिला राखतं. तान्ह्या बाळाचं तर फारच नाजूक. वाटीत पिढ्यानपिढ्या बेसन आणि साय खाऊन माजलेल्या या जिवाणूला फरशी आणि जुई यांत फरक कळत नव्हता. त्याला दोन्ही साफ करायच्या होत्या.

ती बशी हातात घेऊन शाल्मली किती वेळ उभी होती ते तिला कळलं नाही. तिला तन्मयचा राग आला नाही, सासूचाही नाही. भीती वाटली, नुसती भीती. तेवढ्यात फोन आला. जुईला ताप चढला होता आणि तिला दवाखान्यात दाखल केलं होतं. भेगांतून दुसरेच जंतू आत शिरले होते.

तिने डॉक्टरांच्या टेबलावर बशी ठेवली आणि जिवाणूचं नाव, गाव, खाणं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी त्याप्रमाणे औषध बदललं. सलाइनची सुई लावलेला जुईचा हात पट्टीला बांधलेला होता, हलव्याची बांगडी बसली होती त्याच मनगटावर. सासूबाई शेजारी बसून तिच्या पायाचा अंगठा धरून होत्या. ताप उतरायला लागल्यावरच त्यांनी अंगठा सोडला.

मग शाल्मली घरी गेली. वाटेत गावभागातल्या एका जुन्या दुकानातून तिने ब्लीचचा मोठा कॅन घेतला. दुकानदाराने तो गुन्ह्याचा माल असल्यासारखा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. वाटी, ब्रश, पाट, बादल्या, फरशी, मोरी, सगळ्यावर तिने तो ओतला. बाथरूममधून जुन्या काळच्या दवाखान्याचा वास यायला लागला. खाली पडद्यावर सचिवसाहेबांचं घर लाल झालं.

तन्मय धापा टाकत वर आला. "हे काय केलंस? पडद्यावर आपला नंबर लाल झालाय! कंपनीला मी लिहिलंय ना, नियमात राहून काहीतरी—"

"काय म्हणते कंपनी?"

त्याने फोन पुढे केला. कंपनी म्हणत होती की उत्पादन सूचनेबाहेर, खाद्यपदार्थात वाढवलेलं असल्याने जबाबदारी ग्राहकाची. वर तिने पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली होती.

"मुलगी दवाखान्यात आहे आणि तू पडदा बघून आलायस," शाल्मली म्हणाली. "जा, खाली जाऊन सगळ्यांना सांग, लाल का झालं ते. सचिव आहेस ना?"

तो जिन्याने खाली गेला, पण सांगायला नव्हे, पडद्यावरचा लाल रंग पुसला जातो का ते बघायला. समितीच्या ग्रुपवर त्याने लिहिलं की तांत्रिक बिघाड आहे.

जुई घरी आली त्या दुपारी वैजयंतीबाई देवघरासमोर बसल्या होत्या. नात अंगभर पट्ट्या लावून झोपली होती. त्या म्हणाल्या, "माझ्या हातनं झालं हे."

शाल्मलीने झोपलेल्या जुईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"आपलं धुतलंस. बाकीच्यांच्यातलं काय?"

"परत घ्यायला हवं. सगळ्यांकडचं. आता तर त्यांनी पुढे बहिणींना, जावांनाही दिलं असेल."

"वाण परत मागत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाई म्हणायच्या, दिलेलं वाण मागणं म्हणजे तिचं सौभाग्य मागणं." मग उठल्या, खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि पायात चपला सरकवल्या. "चल. गुळवण्यांच्यात आधी. तिची पोरगी आली आहे."

मानसीनेच दार उघडलं. दिवस भरत आले होते, पाय सुजलेले, एक हात कमरेवर. आत गुळवणीकाकूंनी सुगडाला बाथरूमच्या कट्ट्यावर मानाची जागा दिली होती, बाजूला बेसनाचा डबासुद्धा. वैजयंतीबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. सगळं सांगितलं, जुईच्या भेगा, ताप, सलाइन.

गुळवणीकाकूंनी ऐकून घेतलं आणि पदर खांद्यावर ओढला. "वैजयंतीताई, नात आजारी पडली, वाईट वाटतं. पण पोरांना संक्रांतीच्या थंडीत होतंच असतं काहीतरी. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलंय आणि तुम्ही माझ्या घरातलं वाण परत न्यायला आलाय? असलं मी करणार नाही. अपशकुन आहे."

"माझी चूक झाली म्हणून मागतेय. पाया पडते हवं तर."

"आणि तुमच्यावर विसंबून घेतलंच नव्हतं मी," काकू म्हणाल्या. त्यांनी शाल्मलीकडे बोट केलं. "ही घ्या म्हणाली. मी विचारलं होतं हिला, चांगलं असतंय ना म्हणून. विरजणातलंच शिक्षण आहे हिचं. हिने आपल्या हाताने ओटीत घातलं. वाईट असतं तर हिला कळलं नसतं होय?"

"तिला कशाला मध्ये घेता?" वैजयंतीबाई एकदम पुढे झाल्या. शाल्मलीने त्यांना कधी इतक्या जोराने बोलताना ऐकलं नव्हतं. "तिला माहीत असतं तर गप्प बसली असती काय ती? पोटची पोर आहे तिची."

"तेच म्हणतेय मी," काकू शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे तिला काही वाईट दिसलं नाही. मग सुगड राहू दे."

मानसी कमरेवर हात ठेवून ऐकत होती. आतल्या कट्ट्यावर पिवळं फडकं ओलसर दिसत होतं. शाल्मलीला कळत होतं की आता मान खाली घालून उभं राहिलं तर सासूने पुढे धरलेला पदर पुरेसा आहे. त्याच्याआड ती आयुष्यभर राहू शकली असती. फक्त सुगड इथेच राहिलं असतं. ज्या बायकांना ती इतके महिने मनातल्या मनात हसत होती, त्या सगळ्या तिच्या न बोलण्यावर विश्वास ठेवून बसल्या होत्या.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मानसीचा हात कमरेवरून पोटावर आला.

"पहिल्या दिवसापासून. माहितीपत्रक वाचलं तेव्हाच. आईंनी वाटी लावली तेव्हा सांगायला हवं होतं. मला सगळ्यांची गंमत वाटत होती, म्हणून नाही सांगितलं. तुम्ही विचारलंत तेव्हाही." पुढचं ती मानसीकडे बघून बोलली. "जुईच्या अंगावर तेल राहिलं नव्हतं. कातडी फाटली होती तिची. हे घरात ठेवू नका."

गुळवणीकाकू तिच्याकडे बघत राहिल्या. असं बघणं शाल्मलीला चांगलं ओळखीचं होतं. ती स्वतः रोज तसंच बघत आली होती, फक्त दुसऱ्या बाजूने. काकू आत गेल्या, सुगड फडक्यासकट उचलून आणलं आणि शाल्मलीचा पुढे आलेला हात टाळून ते वैजयंतीबाईंच्या पिशवीत ठेवलं. मग दार लागलं.

जिन्यात दोघी उभ्या राहिल्या. सासूबाई पिशवीत बघत होत्या. शाल्मली वाट बघत होती की त्या ओरडतील, रडतील, निदान माहेरच्यांचा उद्धार तरी करतील. त्यांनी पिशवीचे बंद नीट जुळवून घेतले.

"बोरन्हाणाला किती हसत होतीस तू," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पहिल्यांदाच माझं काहीतरी तुला आवडलं."

त्या पुढच्या दाराशी गेल्या आणि बेलपासून एक पाऊल मागे सरकून उभ्या राहिल्या.

"इथं आधी तू बोल. मी नुसती पिशवी धरते."